कागदाची आठवी घडी

टपालाच्या पाकिटातून कागदाचा एक गठ्ठा निघाला. काडेपेटीहून लहान, दोऱ्याने करकचून बांधलेला. सोबत चिठ्ठी होती.

"बाई, तुमच्या कॅलेंडरावर लिहिलंय की कुठलाही कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडता येत नाही. मी शिंपी आहे. कपडा बेतायचा पातळ कागद माझ्याकडे थानाने असतो. सोबत आठ घड्या पाठवतोय, मोजून घ्या. उत्तर आलं नाही तर समजेन, की तुम्हाला खऱ्यापेक्षा छापलेलं प्यारं."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि दारातून बाहेर बघितलं, जणू शिंपी उंबऱ्यावरच उभा आहे.

छापखान्यात या बाईंना सगळे 'चौकशी' म्हणत. रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर तिथे छापलं जाई, आणि प्रत्येक पानामागे चार ओळींची माहिती असे. ती लिहायचं काम चौकशीचं. शिक्षण म्हणाल तर सातवी. आधी बारा वर्षं ती त्याच छापखान्यात छापील कागदांच्या घड्या घालत होती. हात चालू असताना डोळे रिकामे, म्हणून जे समोर येईल ते वाचायची आणि जो भेटेल त्याला छळायची. हे असंच का, ते तसंच का. शेवटी मालक कंटाळून म्हणाले, एवढी खाज आहे तर लिहीच. आधी लिहिणाऱ्या शिकलेल्या माणसापेक्षा ती बरं लिहिते हे महिन्याभरात सगळ्यांना कळलं. कबूल कोणी केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तेरा वर्षं ती लिहीत होती. वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी असते. चावी आणि बादली हे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले. एका संग्रहालयात मेलेली समजून पुठ्ठ्याला चिकटवलेली गोगलगाय चार वर्षांनी जिवंत निघाली. कुठेही तिचं नाव नव्हतं. आता मालक त्यातल्या निवडक हजार गोष्टींचं पुस्तक काढत होते आणि वर तिचं नाव येणार होतं. घरी तिने सांगूनही टाकलं होतं. धाकटा दीर कॉलेजात शिकवायचा. तो म्हणाला होता, "वहिनी, आधी छापून येऊ दे. कागद दुमडणं वेगळं आणि पुस्तक लिहिणं वेगळं."

पुस्तकाचं नाव होतं 'कागद सातव्या घडीला थांबतो'. मुखपृष्ठाचे पाच हजार कागद छापून कोपऱ्यात पडले होते.

चौकशीने दोरा सोडला आणि एकेक घडी उलगडत मोजली. आठ. दोन बोटं रुंद पट्टी टेबलावरून निघाली ती पार मशीनपर्यंत गेली. तिने घडी दाबायची लाकडी पट्टी घेतली आणि तीच कागदी पट्टी स्वतः दुमडली. पुन्हा आठ.

"मामा," तिने मशीन चालवणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली. त्याला सगळेच मामा म्हणत. "आपण काय साक्ष दिली होती?"

छापखान्याचा नियम होता, दोन साक्षी असल्याशिवाय माहिती छापायची नाही. या माहितीच्या साक्षी तिने पहिल्या वर्षी वहीत लिहिल्या होत्या: एक माझा हात, दुसरा मामांचा हात. दोघांनी मिळून लाखो घड्या घातलेल्या. पुस्तकाच्या छापील कागदाला तीन घड्या पडतात, फार तर चार. सातव्या घडीला कागदाचा दगड होतो हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं.

"पण ते टेबलावर मावणाऱ्या कागदाचं," मामा म्हणाला. त्याने मान वळवून भिंतीशी उभ्या असलेल्या कागदाच्या रिळाकडे बघितलं. तीस वर्षं तो त्या रिळांवर पाठ टेकून जेवत आला होता. "आयला."

"पुस्तकासाठी मी दोन छापील साक्षी काढल्या होत्या," चौकशी म्हणाली आणि कपाटातून दोन जाडजूड ज्ञानाची पुस्तकं काढली. दोन्ही प्राध्यापकांनी लिहिलेली. पहिल्यात होतं, 'आठव्या घडीला बैल जुंपा नाहीतर हत्ती, कागद ऐकत नाही.' दुसऱ्यात तेच, फक्त हत्ती आधी आणि बैल नंतर. ते वाक्य तिचं होतं. तेरा वर्षांपूर्वी डबा खाताना सुचलेलं आणि कॅलेंडरावर छापलेलं. तिचंच उष्टं ताटात वाढून तिलाच साक्ष म्हणून दिलं होतं, आणि तिनेही ती पुस्तकं कधी छापली ते न बघता गिळलं होतं. प्राध्यापकांना तिने मनात चार शिव्या घातल्या. पाचवी स्वतःला घातली.

सगळं ऐकून मालक खुर्चीत मागे रेलले. "शिंपी एक. वाचक पाच हजार. कोण दुमडून बघणार आहे?"

"शिंप्याने बघितलं ना."

"चौकशीबाई, मुखपृष्ठ छापून झालंय. त्यावर तुमचं नाव आहे. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?"

ती उठली आणि मामाला म्हणाली, "ते अरुंद रीळ गल्लीत काढा."

वारा पडलेला होता. गोदामाच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत साठ पावलं कागद पसरला. घडी घालणाऱ्या चौघी बाहेर आल्या. समोरचा कुलूपवाला दुकान उघडं टाकून आला. एक टोक उचलून चालत दुसऱ्या टोकाला न्यायचं, दाबायचं, की एक घडी. मालक थांबवायला म्हणून आले आणि चौथ्या घडीला त्यांच्याच हातात कोपरा होता.

"सरळ धरा हो," चौकशी म्हणाली.

"धरलाय. तुमचंच टोक पळतंय."

सहाव्या घडीला पट्टी हातभर राहिली. सातवी पडली. आठवीला चौकशीने गुडघा लावला. नववीला मामा सरळ त्यावर बसला.

"पडली का?" त्याने विचारलं.

"उठा म्हणजे कळेल."

"उठलो आणि उलगडली तर?"

"तर पुन्हा बसा. तुम्हाला दुसरं काम काय?"

पडली होती. ओबडधोबड, कडेला फुगलेली, पण पडली होती. मालकांनी ती हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. मग त्यांना पाच हजार कागद आठवले.

"ठीक आहे," आत आल्यावर ते म्हणाले. "मुखपृष्ठ नवं छापतो. पण चुकणाऱ्याचं नाव वर घालून पुस्तक विकत नाही. जुनं चालवा, नाव राहील. नवं हवं, तर नाव जाईल. तुम्हीच ठरवा."

चौकशीला तेरा वर्षं आठवली आणि दिराचा चेहरा आठवला. असा राग आला की हातातली घडीची पट्टी टेबलावर आपटावी. जो चुकतो आणि गप्प बसतो त्याचं नाव दोन-दोन जाड पुस्तकांवर सोनेरी अक्षरात. जी चूक दाखवते तिचं पुसायचं.

"नवं छापा," ती म्हणाली. "आणि वरचं नाव काढा. पण आत पहिल्या पानावर घाला. चूक कोणाची होती ते लोकांना कळायला नको?"

"लोक हसतील."

"हसू देत. चूक माझी आहे, ती बेवारस नाही सोडणार."

पुस्तक आलं तेव्हा पहिल्या पानावर चार ओळी होत्या. मी तेरा वर्षं सांगितलं की कागद सात घड्यांवर थांबतो. ते चूक होतं. आठ घड्या एका शिंप्याने घालून दाखवल्या, नऊ आम्ही गल्लीत घातल्या. खाली तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पहिली प्रत तिने शिंप्याला पाठवली.

दिराने दुसरी प्रत उघडली आणि तिथेच अडकला. "वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून आलं, ते चूक कबूल करायला?"

"हो. भाऊजी, तुम्ही पंधरा वर्षं शिकवताय. तुमची एखादी चूक कुठे छापून आलीय?"

त्याने खुर्ची पुढे ओढली.

"नऊच का पण? दहावी का नाही पडली?"

"गल्ली पुरत नाही. दर घडीला कागद साधारण चौपट लांब लागतो."

"चौपट?" तो म्हणाला. "दुप्पट का नाही?"

चौकशीने टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र ओढलं, त्याची लांब पट्टी फाडली आणि एक टोक त्याच्या हातात दिलं.

"धरा," ती म्हणाली. "वळणात किती कागद खर्च होतो ते बघा."