कोपऱ्यात बसवलेली ठकी

माझे हात मला कधीच हलवता आले नाहीत, मित्रांनो. अकोल्याच्या जानराव सुतारांनी ते अंगाला चिकटूनच कोरले होते. मी एक जुनी ठकी आहे, मेळघाटच्या सागाची बाहुली. नाक बसके, डोळे काळ्या रंगाने रेखलेले, लुगडे लाल. वऱ्हाड तेव्हा नुकतेच मध्य प्रांताला जोडले होते. मोरोपंत वकिलांनी आपल्या लेकीसाठी, चारुशीलेसाठी, मला करवून घेतले. मला मांडीवर घेतल्याशिवाय ती जेवायला बसत नसे.

ती मोठी झाली. जबलपूरला शिकून आली आणि अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवू लागली. सगळे तिला बाई म्हणू लागले, मग मीही म्हणू लागले. मुलांच्या मनाचा अभ्यास करायचा, हा बाईंचा ध्यास होता. एखादे मूल एकाएकी बोलेनासे झाले, मारकुटे झाले, तर लोक म्हणत, याला बाहेरचे लागले. बाई म्हणत, मुलांना जे तोंडाने सांगता येत नाही ते ती खेळातून सांगतात, आपण फक्त गप्प बसून पाहायला हवे. म्हणून दुपारी राजापेठेतल्या घराच्या ओसरीवर त्या अशा मुलांना बोलावत. तिथे लाकडी बैल असत, भातुकली असे आणि मी असे. सगळ्यांत आधी मुले मला उचलत.

मग कुंदाताईंनी, बाईंच्या मैत्रिणीने, मुंबईहून विलायती बाहुली पाठवली. तिचे केस सोनेरी होते. निजवली की तिचे डोळे मिटत. बाईंनी आपल्या रेशमी चोळीचे कापड काढून तिला झगा शिवला. माझ्या लुगड्याचा रंग उडाला होता, त्यावर मात्र कोणी रंगाचा हात फिरवला नाही. आलेले प्रत्येक मूल तिच्याकडे धावे आणि मी बैलांच्या मागे पडून राही. एकदा तिच्या पापणीत खडा अडकला, एक डोळा मिटेना. मला फार बरे वाटले. बाईंनी सुईच्या टोकाने तो हळूच काढला, तेव्हा मला पुन्हा वाईट वाटले.

अशात जयवंता आली. गावाबाहेर भाजीचा मळा करणारे किसनराव आणि पार्बताबाई यांची ही सहा-सात वर्षांची मुलगी. धाकटा भाऊ झाल्यापासून तिने बोलणेच सोडले होते. एक दिवस तिने बाळाचा पाय धरून त्याला पाळण्यातून खाली ओढले. बाळ वाचले, पण घर हादरले. किसनरावांनी ठरवले की पोरीला अकोल्याकडे तिच्या आत्याकडे, गंगूबाईकडे, कायमची धाडून द्यायची. बाईंनी विनवले, आधी काही दुपारी तिला माझ्याकडे येऊ द्या.

"पोट्टी वाईट नाही, बाई," पार्बताबाई म्हणाल्या. "पन लेकराले काही झालं तं मी काय करू?"

पहिले काही दिवस जयवंता खांबाला टेकून नुसती बसली. मग एका दुपारी उठली आणि तिने विलायती बाहुलीला पाटावर बसवले. तिच्यापुढे भातुकलीतली सगळी भांडी मांडली. तिला न्हाऊ घातल्यासारखे केले, जोजवले. माझा जीव जळत होता. तेवढ्यात तिने मला उचलले. किती दिवसांनी कोणी तरी मला घेतले होते. तिने मला नीट पाहिले, कोपऱ्यापर्यंत नेले आणि भिंतीकडे तोंड करून बसवले.

"इले आता कोनी घेत नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज बाई प्रथमच ऐकत होत्या. त्यांनी जागेवरूनच हळू विचारले, "का गं घेत नाही?"

"ते मोठी झाली."

पार्बताबाई तिला न्यायला आल्या होत्या. बाळाला कडेवर घेऊन त्या पायरीवरच थांबल्या होत्या, आणि त्यांनी हे ऐकले. त्यांनी बाळ बाईंच्या हाती दिले आणि जयवंताला मांडीवर ओढले. पोरीने आधी अंग ताठ धरले असावे, मग ती हुंदके देऊन रडू लागली. मला काहीच दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते; बाकीचे नंतर बाईंच्या बोलण्यातून कळले. मला कोणीच वळवले नाही. त्या दिवशी मला बाहुलीपेक्षा जयवंताचा अधिक हेवा वाटला.

किसनरावांना मात्र पटेना. हेवा मोठ्या माणसांना वाटतो, लेकराला कशाचा, असे ते म्हणत. बाईंनी समजावले, लेकराला तो अधिक वाटतो, कारण त्याला तो सांगता येत नाही. पोरीला रोज थोडा वेळ आईची एकटीची मांडी द्या, आणि बाळाचे एखादे काम तिच्या हाती द्या. पोळ्यापर्यंत पाहू, असे किसनराव म्हणाले. पोळा झाला, दिवाळीही झाली. जयवंता घरीच राहिली. बाळाला झोका देणे हे आता तिचे काम होते. ओसरीवर ती मला कोपऱ्यात बसवेनाशी झाली. खरे तर माझ्याकडे बघेनाशीच झाली.

जयवंताच्या येण्याच्या शेवटच्या दिवशी बाई तिला म्हणाल्या, यातले तुला हवे ते एक खेळणे घेऊन जा. मला खात्री होती. तिच्या मनातले माझ्यातूनच तर बाहेर आले होते. तिने हात पुढे केला आणि विलायती बाहुली उचलली.

"हे भावाले नेतो," ती म्हणाली. "तो हासते."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या इतक्या दिवसांच्या कष्टांना आलेले ते फळ होते, हे मलाही कळले. पण कळले म्हणून जळणे थांबत नाही, मित्रांनो. जिचा मी इतका हेवा केला ती निघून गेली, तरी आता ती मळ्यातल्या पाळण्यात कशी निजत असेल, याचा हेवा करत मी फळीवर उभी आहे.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगते. घरात नवे बाळ आले आणि थोरले कोणी रुसले, ओरबाडू लागले, गप्प झाले, तर त्याला दुष्ट म्हणू नका. आधी त्याला जवळ घ्या. आणि कधी एखाद्या फळीवर रंग उडालेली ठकी दिसली, तर तिलाही घ्या, थोडा वेळ का होईना.