मंगळवारचा फोटो

आमच्या मालकाला माणसं बोलवायचा रोगच हाय. देवगाव फाट्यावर आमचं चहाचं हॉटेल. बसमधून कुणी उतरलं की कल्याणराव आधी "या, बसा" म्हणतात आन् मग विचारतात, तुमी कोण म्हणून.

तर आमच्या लेकीनं, धनश्रीनं, कॉलेजच्या स्पर्धेसाठी पंधरा मिनटांचा सिनेमा केला. विषय काय, तर मोठ्या कंपन्या आपल्या रोजच्या जगण्यात कुठवर शिरल्यात. तो आपल्या लोकांना दाखवायचं ठरलं, आन् यांनी पाहुणा कोण बोलवावा? ज्या कोल्ड्रिंक कंपनीवर पोरीनं सिनेमा काढला, तिचाच साहेब.

"अगं महानंदा, त्यांचा फ्रिज आपल्याकडं हाय. त्यांचा मान न्हाई का?" असं म्हणून शाल आणली, नारळ आणला. मी कपाळावर हात मारला.

आता फ्रिजचं सांगते. काचेच्या दाराचा हा फ्रिज कंपनीनं फुकट दिला, पण अट घालून. आत फक्त त्यांच्याच बाटल्या. दुसरं काही दिसलं की फ्रिज परत. दर मंगळवारी अकराला कंपनीचा अवधूत येतो, दार उघडून फोटो काढतो आन् साहेबाला पाठवतो. बाकीचे दिवस त्या फ्रिजात काय नसतं ते विचारा. माझं ताक, महारुद्र हारवाल्याचे गजरे, आन् गीताबाईचं साखरेचं इंजेक्शन. गीताबाई फाट्यावर पेरू विकतात. घर पत्र्याचं, उन्हाळ्यात नुसती भट्टी. औषध गरम झालं की वाया जातं. मंगळवारी साडेदहाला सगळे येऊन आपापलं घेऊन जातात आन् अवधूत गेला की परत आणून ठेवतात. तीन वर्षं हेच चाललंय. गीताबाई तेवढा वेळ औषधाची डबी ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन लिंबाखाली बसतात.

शनिवारी दुपारी अंधार करायला हॉटेलच्या खिडक्यांना चवाळी बांधली, भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. महारुद्र विचारायला लागला, "मारामारी हाय का यात?" साहेबाचं नाव आदिनाथ. शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीत बसले.

सुरवातीला दुकानांच्या पाट्या आल्या. कंपनीचं नाव हत्तीएवढं, मालकाचं मुंगीएवढं. सगळे हसले, साहेबही हसले. मग धोतरावर माझंच तोंड आलं. "ताक मी बाटल्यांच्या मागं लपवते," मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते. लेकीला बोलले होते ना मी, साहेब बघतील हे कुणाच्या ध्यानात? त्याच्यामागून गजऱ्यांची पिशवी आली, मग मंगळवार आला, आन् शेवटी लिंबाखाली बसलेल्या गीताबाई, मांडीवरची डबी दोन्ही हातांनी झाकलेली. फ्रिज गेला तर त्या बाईनं औषध ठेवायचं कुठं?

कल्याणरावांना काहीच कळलं न्हाई. त्यांनी साहेबांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

साहेब उठले. "सिनेमा छान झालाय. पण नियम तो नियम. मंगळवारी फोटो येईल, तो पाहून मी ठरवीन." एवढं बोलून, शाल घडी करून, निघून गेले.

"सुटलो आपण," महारुद्र म्हणला. "मंगळवारी फ्रिज चकाचक ठेवायचा, बास." मलाही तसंच वाटलं होतं.

मंगळवारी साडेदहाला सगळे आले. गीताबाईंनी हात पुढं केला. फडकं त्यांनी घरूनच भिजवून आणलं होतं. ते फडकं बघून माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. बाटलीला थंडावा आन् या बाईला ऊन? कुणाचं काय चोरलंय तिनं?

"कुणीच काही काढायचं न्हाई," मी म्हणले. ताकाचा गंज पुढं ओढला, गजरे दारापाशी ठेवले आन् गीताबाईची डबी मधल्या फळीवर, बाटल्यांच्या पुढं, उजेडात ठेवली. कल्याणराव पुढं झाले आन् गंजाला काळं लागलं होतं तेवढं पुसून घेतलं. "फोटोत चांगलं दिसावं," म्हणले.

अवधूत आला, दार उघडलं आन् थांबला. "काकू, असाच काढू? फ्रिज जाईल."

"जाऊ दे. काढ."

दार मी हातानं धरून ठेवलं. त्यानं फोटो काढला, पाठवला.

दोन दिवस मी धड जेवले न्हाई. रस्त्यावर टेम्पो थांबला की वाटायचं, आला न्यायला. कल्याणराव मात्र रोज सकाळी फ्रिजाची काच पुसत होते.

गुरुवारी अवधूत आला. मोबाईल पुढं धरला. फोटोखाली साहेबांनी कंपनीला लिहिलं होतं: 'फ्रिज पूर्ण भरलेला. रोजच्या वापरात. इथून हलवू नये.'

मी दोनदा वाचलं, मग मोठ्यानं वाचून दाखवलं. डोळ्याला पदर लावला, काय करणार. महारुद्रानं फुकट गजरा दिला, तो माणूस असं कधी करत न्हाई. गीताबाईंनी फ्रिजाचं दार उघडलं आन् वाकून डबी बघितली.

"महानंदा," त्या म्हणल्या, "मग आता ती वरच्या फळीवर ठेव गं. वाकायला लय तरास होतो."