रविवारची तारीख

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. लाकडी मूठ, पोटात फिरणाऱ्या रबरी पट्ट्या आणि अंगावर जांभळी शाई. आज मी शिवणाच्या डब्यात बटणांच्या सोबतीला पडून आहे, पण एकेकाळी काय रुबाब होता माझा!

कचेरीत तक्रारींचे अर्ज घेण्याची एक खिडकी होती. तिथे मी नोकरीला होतो. कारकूनकाका रोज सकाळी माझी तारीख एक घर पुढे सरकवायचे, तोंडाने 'हाऽ' करून माझ्यावर वाफ सोडायचे आणि म्हणायचे, "चला महाराज, कामाला लागा." अर्जाच्या प्रतीवर मी ठप्पकन बसलो की अर्ज पोचला असं ठरायचं. माणसं ती प्रत घडी घालून जपून नेत. ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो.

एका सोमवारी एक बाई आपल्या शाळकरी लेकीला घेऊन आली. बाई ज्या कापड कारखान्यात कामाला होती, त्याच्या मालकाने मुलीशी घाणेरडं वर्तन केलं होतं. अर्ज मुलीने स्वतः लिहिला होता. काकांनी तो वाचला, मला उचललं, तेवढ्यात आतून साहेबांची हाक आली. कचेरीतले पंखेसुद्धा त्या मालकाने दिलेले! "एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध? अर्ज ठेवून घ्या, शिक्का नको," साहेब म्हणाले. काकांनी मला खाली ठेवलं. मी कागदापासून वीतभर लांब होतो हो!

मग मायलेकींनी किती खेटे घातले. साहेबांचं एकच, "कुठला अर्ज? शिक्क्याची प्रत दाखवा."

दहा-बारा दिवसांनी साहेब रजेवर गेले आणि काकांना राहवेना. त्यांनी खणातून अर्ज काढला. त्या सोमवारचीच तारीख पडावी म्हणून बोटांवर दिवस मोजत माझी पट्टी मागे फिरवली, शिक्का मारला आणि प्रत मुलीच्या हातात दिली. "उशीर झाला गं पोरी," एवढंच बोलले. पण मोजण्याच्या गडबडीत पट्टी एक घर जास्त मागे गेली होती.

खटला उभा राहिला. मालकाकडे तीन नामांकित वकील. त्यांनी कॅलेंडर काढलं. "ही तारीख रविवारची! रविवारी कचेरी बंद. म्हणजे कागद बनावट आणि मुलगी खोटी." काकांनी घडलं ते सगळं सांगितलं, तर वकील म्हणाले, "बघा, कबूलच करतोय!" झालं. मालक सुटला. त्याचं नाव आता एका शाळेच्या कमानीवर आहे. काकांची नोकरी गेली आणि मोडीत निघालेल्या मला त्यांनी घरी आणलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर काका मुलीपुढे हात जोडून उभे राहिले. "माझ्यामुळे झालं गं."

"तारीख चुकली, काका. मी नव्हते चुकले," ती म्हणाली. "पण त्या सोमवारी तुम्ही घाबरलात ना, तिथेच माझं सगळं गेलं."

काकांनी जोडलेले हात खाली घेतले. कोर्टात दाखवायला आणलेला मीही त्यांच्या खिशात लाजेने मेल्यासारखा झालो होतो.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर तुमच्यापुढे जोडले असते. कुणी धीर करून काही सांगायला आलं, तर ज्याच्याविरुद्ध सांगतंय तो किती मोठा आहे हे बघत बसू नका. त्याच दिवशी ऐका. त्या मुलीने आता वरच्या कोर्टात दाद मागितली आहे, अर्ज पुन्हा स्वतःच लिहिलाय. तो ज्याच्या हातात पडेल, त्याने एवढंच करावं, घाबरू नये.