गाडी लागलीच नव्हती

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांना आपली केस इतकी सोपी वाटत होती की सुनावणीच्या आदल्या दिवसापासून त्यांना हसू आवरत नव्हतं. खाजगी पार्किंगवाल्या कंपनीच्या कॅमेऱ्यानं त्यांची गाडी आत येताना टिपली, दोन तासांनी बाहेर पडताना टिपली आणि दंडाची नोटीस घरी धाडली. मास्तर थेट कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं एकच. पैसे गाडी लावल्याचे असतात, आणि आमची गाडी लागलीच नव्हती. चालवणारी शिकाऊ होती. आत चकरा मारून मारून मास्तरांना गाडी लागायची वेळ आली, पण गाडी काही लागली नाही.

अडचण एवढीच, की शिकाऊ म्हणजे त्यांच्या सासूबाई. साठी उलटल्यावर हौसेनं स्टिअरिंग धरलेल्या.

कोर्टात मास्तरांच्या जिभेला हाड राहिलं नाही. मागे घ्यायची तर सासूबाई पुढे कशा नेतात, रेघ दिसली की डोळेच कसे मिटतात, सगळं त्यांनी मीठमसाला लावून सांगितलं. न्यायाधीशबाईंनी हसू लपवायला फाइल तोंडापुढे धरली. उभ्या गाडीचा फोटो कंपनीकडे नव्हता, त्यामुळे कंपनीचा वकील नुसतेच कागद चाळत होता. सासूबाई मात्र लालबुंद होत चालल्या होत्या.

शेवटी न्यायाधीशबाईंनी त्यांनाच विचारलं, गाडी खरंच एकदाही लागली नाही का. आता फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

"लागली होती," सासूबाई म्हणाल्या. "एकदा. दोन रेघांच्या बरोबर मधे. जावईबापू खाली उतरून फोनवर बोलत होते. मी बसून राहिले, म्हटलं आता बघतील, मग बघतील. बराच वेळ बसले. मग ते आले आणि गाडीकडे न बघताच म्हणाले, थांबलात कशाला, घ्या परत चक्कर."

हातातोंडाशी आलेला घास गेला. निकाल कंपनीच्या बाजूनं लागला.

मास्तर चिडणार होते, तशी पूर्ण तयारी होती. पण तोंडातून निघालं भलतंच.

"चारही चाकं आत?"

"चारही. आणि सरळ."

मास्तरांना लाज वाटली, आणि आनंदानं गुदगुल्याही झाल्या. दंड भरून बाहेर येताच त्यांनी किल्ली सासूबाईंच्या हातात ठेवली.

"आई, पुन्हा एकदा लावा. मी बघतो."

"आधी तो फोन इकडे द्या," सासूबाई म्हणाल्या, आणि मास्तरांनी तो मुकाट्यानं दिला.