अंगी लागणं

शर्टांच्या कारखान्यात कापड कापणाऱ्या धाकट्या बहिणीला पूर्वी सगळे जाडी म्हणत. वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन झालं आणि दोन वर्षांत जाडीची काडी झाली. तिचं पाहून दादानेही, म्हणजे बसचालक भावाने, तेच ऑपरेशन करून घेतलं. फरक इतकाच की काडी गोळ्या आणि रक्ततपासणी चुकवत नसे. दादाने वजन उतरताच सगळ्याला रामराम ठोकला.

घरात थट्टा तिचीच व्हायची. लोहाची गोळी ती सकाळी घेई आणि कॅल्शियमची रात्री, कारण एकत्र घेतल्या की लोह नीट शोषलं जात नाही. दादा म्हणे, सवतींना वेगळ्या खोल्या दिल्यात. धडधाकट माणसाने औषध खाणं म्हणजे दुखणं घरी बोलावणं, असं आईचं मत होतं.

एके सकाळी दादा कामावर निघाला आणि त्याच्या एका पायातली चप्पल दारातच राहिली. तो तसाच चालू लागला. काडीने हाक मारली तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं. हल्ली पाय जरा बधिर होतो, तो हसून म्हणाला, बसून बसून होतं तसं. चप्पल पायात घालायला तो परत आत आला, तोवर काडी दारात आडवी उभी राहिली होती.

"पाय ब्रेकवर आहे की नाही, हे तुला कळतं कसं?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोड गं त्याला. वेळच्या वेळी जेवतो तो."

"जेवतो, पण अंगी लागत नाही, आई. जेवणातलं बी-बारा पचवायला मदत करणारा पोटाचा भागच वाटेतून काढलाय. ताटात काहीही वाढलंस तरी ते तसंच निघून जाणार. आणि बी-बारा कमी पडलं की नसा बिघडतात, पाय बधिर होतात."

दादा चिडला. "तुला काही होतंय का? तरी गिळत बसतेस."

"बी-बाराची मोठ्या मात्रेची गोळी गिळते म्हणून होत नाही. आणि मरेपर्यंत गिळणार. हसा खुशाल."

नोकरी जाईल, बाजूला हो, असं तो म्हणत राहिला. ती तसूभर हलली नाही.

"ढकलून जा. पण मी तुझ्याच बसमध्ये चढणार आणि एकेका प्रवाशाला सांगणार, चालकाला स्वतःचा पाय कळत नाही."

दादा खाली बसला. त्याने अंगठ्याला चिमटा काढला. मग जोरात काढला. नखाचा वळ उठला, पण चेहरा तसाच राहिला. आईने स्वयंपाकघरातून बाहेर येत ते पाहिलं.

मग त्याने डेपोला फोन लावला. "गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या," तो म्हणाला, "मला ब्रेक कळत नाहीये."

काडीने त्याच्यापुढे हात केला. तो हात धरून तो उठला आणि दोघं दवाखान्याकडे निघाली.