सगळ्यात खालचा सूर

बर्नी गावातल्या चढावर राहणारी नोरीन टकवेल चाळीस वर्षं पियानो शिकवत होती. कागदाच्या कारखान्यातल्या कॅन्टीनची नोकरी संपल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तिच्याकडे शिकायला लागले.

"कोरल, अक्षरांना घाबरू नकोस," ती म्हणायची. "सी लिहिलं की तीन सूर एकदम, सी, ई, जी; हीच कॉर्ड. पुढे तिरपी रेघ आणि ई असेल, तर सूर तेच तीन, फक्त ई सगळ्यात खाली. झालं इन्व्हर्जन!"

दर मंगळवारी धडा संपला की ती पियानोकडे पाठ करून बसे. मी कॉर्ड वाजवायची, तिनं खालचा सूर ओळखायचा. ती कधी चुकत नसे. मी अडखळले की मात्र, "डावा हात घरी ठेवून आलीस का गं?"

जूनमधल्या एका मंगळवारी मी ई खाली ठेवून सी वाजवली.

"खाली एफ लागलाय. नीट वाजव."

मी पट्ट्यांकडे पाहिलं. बोटं बरोबर होती, सगळ्यात खाली ईच होता; एफ त्याच्या लगेच वरची पट्टी. पुन्हा वाजवली. पुन्हा ती म्हणाली, "एफ."

"हो गं, माझंच चुकलं," मी म्हणाले.

पुढचे सगळे मंगळवार मी तेच म्हणत राहिले. खरं सांगायचा धीरच झाला नाही.

ऑगस्टमध्ये तिची बहीण थेल्मा गेली. अंत्यविधीला चर्चमध्ये पियानोवर नोरीनच बसली. खालचे सूर तिला चढे ऐकू येत होते, म्हणून डावा हात ती एकेक पट्टी खाली सरकवत गेली. हातापेक्षा कानावर तिचा विश्वास जास्त. गाणारे एकेक करून गप्प झाले. शेवटी पाद्रीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"जूनपासून."

"जूनमध्येच सांगितलं असतंस, तर आज मी दुसऱ्या कुणाला बसवलं असतं. थेल्मासाठी एवढंच तर करायचं राहिलं होतं माझं."

मी माफी मागितली.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, यंत्रानं आवाज मोठा होईल, सूर सरळ होणार नाही. तिनं सगळ्या विद्यार्थ्यांना फोन करून शिकवणी बंद केली. मला तेवढा केला नाही.

मंगळवारी मी गेले. ती स्वयंपाकघरात टेबलाशी नुसती बसलेली खिडकीतून दिसली. मला पाहून उठली आणि तिनं पडदा ओढून घेतला.