दहाव्याला दिलेला शब्द

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत लाईट गेली की बायका दारात येऊन पदराने वारा घेत उभ्या राहतात, आणि आली की देवाचं नाव घेत आपापल्या कामाला लागतात. प्रेमलाचं सगळंच उलटं. लाईट गेलेली तिला चालायची. आलेली नको वाटायची. कारण लाईट आली की बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेला यशराजचा कॉम्प्युटर आपला आपण सुरू व्हायचा. कुणी हात लावलेला नसायचा. आधी डब्यातला पंखा घरघरायचा, मग पडदा उजळायचा आणि त्यावर नाव यायचं, यशराज. त्या नावाखाली एक रिकामी चौकट.

यशराज, तिचा थोरला, जाऊन दोन वर्षं झाली होती. डेंग्यूचं निमित्त झालं. ताप काय, येतो नि जातो, असं म्हणेपर्यंत पोरगं हातचं गेलं. पहिल्यांदा तो कॉम्प्युटर असा सुरू झाला तेव्हा प्रेमला भाजी टाकून धावली होती, पोरगा आलाय अशा थाटात. दुसऱ्यांदा मात्र ती दारातच थबकली. मग एके दिवशी तिने टेबलच फिरवून टाकलं. पडद्याचं तोंड कोपऱ्यातल्या भिंतीकडे, पाठ घराकडे. नाव दिसायला नको. पण घरघर ऐकू यायची ती यायचीच, आणि मग तोंड फिरवून, चाचपडत बटण दाबून ती बंद करावी लागायची.

आपल्याच पोराच्या वस्तूला भ्यायचं म्हणजे काय, हे सांगून कुणाला कळायचं नाही. त्यातून यशराज कोण? विशीतला दाढीमिशीवाला गडी, पण गावाला गेला की अंधारात परसाकडे जायला आईला दाराशी उभी करायचा. आतून दर मिनिटाला हाक, "आई, हायस न्हवं?" ती म्हणायची, "हाय रे, हितंच हाय." नवरा, ज्ञानू, हसून हसून लोळायचा. त्या पोराची आता त्याच्या आईला भीती वाटत होती.

कॉम्प्युटर म्हणाल तर आणला तेव्हाच म्हातारा होता. महापेतल्या कुठल्याशा कंपनीने जुना माल काढला, त्यातला एक यशराजने उचलला आणि खोलून, पुसून, काय काय बदलून चालता केला. घरात त्याच्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही. धाकटी राजनंदिनी लावायची, आणि मग दोघांची जुंपायची.

आता हा डबा फेकून का दिला नाही, असं कुणी विचारेल. त्याचं कारण कोयनेच्या काठी होतं.

यशराजचा दहावा त्यांनी गावाला, पाटणकडे केला होता. पिंड मांडले, पानात त्याच्या आवडीचं सगळं ठेवलं, भावकीने हौसेने वडापावही ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. चुलता पुढे झाला, "तुझ्या आईबापाला आमी बघतो, काळजी करू नगंस." कावळा हलला नाही. ज्ञानूने हात जोडले, "नंदीचं शिक्षान मी अर्ध्यात सोडनार न्हाई." कावळा नाही. गुरुजी घड्याळ बघायला लागले, कुणीतरी दर्भाचा कावळा करायची गोष्ट काढली. ते ऐकून प्रेमलाच्या काळजाचं पाणी झालं. दर्भाच्या कावळ्यावर भागवायचं म्हणजे पोरगं मनात काहीतरी ठेवून गेलं, हे साऱ्या भावकीदेखत मान्य करायचं. ती बायकांतून उठली आणि मोठ्याने ओरडली, "यशा, तुझा कॉम्प्युटर ह्या घरातनं हलनार न्हाई! तुझी भन त्याच्यावरच शिकंल, दुसऱ्यावर न्हाई!"

आणि कावळा उतरला. घास शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि प्रेमलाकडे मानाने पाहिलं. आईच ती, तिलाच पोराच्या मनातलं कळणार.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला की प्रेमला त्या डब्याचं बटण दाबायची आणि राजनंदिनीला हाक मारायची, "बस ग, नंदे." नंदी निमूट जाऊन बसायची. भिंत आणि टेबल यांच्यामधल्या सांदीत, पुढ्यात वही घेऊन. स्वयंपाकघरातून प्रेमलाला फक्त तिच्या तोंडावर पडलेला निळा उजेड दिसायचा. तेवढ्यावर तिचं समाधान होतं. शब्द पाळला जातोय.

राजनंदिनी आता नेरूळच्या कॉलेजात घरांच्या आतली सजावट शिकत होती. पहिलं वर्ष कागदावरच्या नकाशांवर निभावलं. यंदा सगळं कॉम्प्युटरवर. घर उभं करून दाखवायचं, त्यात खुर्च्या-पलंग मांडायचे, उजेड पाडायचा. त्यासाठीचं सॉफ्टवेअर जुन्या मशीनवर चालणारच नाही, असं कॉलेजातून स्पष्ट सांगितलं होतं. नाहीतर वर्ष जाणार.

"नवीन घेऊ," ज्ञानू जेवताना म्हणाला. "आता पितरपाठ हाय, आता नगं. घट बसलं की घेऊ, आन् दसऱ्याला पूजा करू."

"आन् त्याला दिल्याला शबूद?" प्रेमलाने भाकरी तव्यावरच ठेवली.

"अगं, म्हातारा बैल किती दिस जुंपनार? त्याला ओढवंना झालंय."

"बैल तुमचा न्हवं. ज्याचा हाय त्यानं घास शिवलाय माझ्या शब्दावर." तिने तवा खाली उतरवला. "एक गेलंय घरातलं. दुसऱ्यावर काय आलं तर?"

हे एवढंच खरं होतं, बाकी सगळं त्याच्यावरचं सारवण. शब्द मोडला तर यशराज कोपेल आणि तो कोप नंदीवर उतरेल, या भीतीने प्रेमला दोन वर्षं नीट झोपली नव्हती. बाजारात कांद्याच्या गोणी पाठीवर घेताना न वाकणारा ज्ञानू बायकोच्या त्या प्रश्नापुढे वाकला. नंदी ताटात बोट फिरवत राहिली. तिला कुणी विचारलंच नाही.

शेवटी तोड निघाली. जुन्यातच नवीन पार्ट टाकून भागतंय का बघायचं. भागलं तर शब्दही राहील आणि वर्षही. बोनकोडे गावात कुंदन म्हणून एकाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिघं निघाले. पाठीवर जगाची ओझी वाहिलेल्या ज्ञानूने तो डबा मात्र दोन्ही हातांत, तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता.

कुंदनने वायरी जोडल्या. करंट मिळाल्याबरोबर डबा घरघरला. प्रेमला दोन पावलं मागे सरली.

"बगितलंत? असा आपला आपन चालू हुतो," ती कुजबुजली.

"त्यात काय, मावशी," कुंदन हसून म्हणाला. "सेटिंग असते ना. करंट आला का चालू व्हायचा. ती मुद्दाम करून ठेवायला लागते."

"कुनी केली?"

"ज्याचा हाय त्यानंच केली असंल. दुसरा कोन करनार?"

कुंदनने सहज सांगितलं, पण प्रेमला आणखी मागे सरली. भूत नाही हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं. तिला वाटलं नाही. लाईट येईल तेव्हा मी येईन, असं पोरगं सांगून ठेवूनच गेलं होतं.

"पासवर्ड काय हाय?" नावाखालच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवत कुंदनने नंदीला विचारलं.

नंदीने दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"अगं सांग की," ज्ञानू म्हणाला.

"मला माहीत नाही," नंदी म्हणाली.

कुंदनचे हात थांबले. "तू वापरतेस ना हा? दोन वर्षं?"

नंदीने मान खाली घातली. प्रेमलाने तिचा दंड धरला आणि तिला दुकानाच्या बाहेर, पायरीवर आणलं. मागोमाग ज्ञानू आला.

"रोज काय करत हुतीस मग तिथं बसून?"

"नुसती बसायचे," नंदी म्हणाली. "कॉलेजचं सगळं माझ्या मैत्रिणीच्या, मनस्वीच्या लॅपटॉपवर करते, नेरूळला. तू बटण दाबायचीस, मी समोर जाऊन बसायचे. हात नाही लावला, आई. एकदाही नाही."

"कशापायी?"

मग ती रडायला लागली आणि रडता रडता सांगून टाकलं. ताप भरायच्या आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं, याच डब्यावरून. तिने न विचारता काहीतरी उघडलं, त्याने तिचा हात झटकला, आणि ती ओरडली, मर तू आणि तुझा डबा. घरोघरी बहिणी असं भावांना दिवसातून दहादा म्हणतात. कुणी मरत नाही. हा मेला.

"दहाव्याला कावळा येत नव्हता ना," नंदी म्हणाली, "मला कळलं कशासाठी येत नाही ते. मी मनात म्हणलं, दादा, तुझ्या कॉम्प्युटरला परत कधीच हात लावणार नाही. तो तुझा. तू जा. तेवढ्यात तू ओरडलीस. आणि तो आला."

ज्ञानू पायरीवर खाली बसला. समोरून रिक्षा जात होत्या.

"रोज तो माझ्यासमोर नाव लिहून बसायचा," नंदी म्हणाली. "मी हात मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, बघ, नाही लावला."

प्रेमलाला आपलेच हात बघवेनात. याच बोटाने ती रोज तिन्हीसांजेला बटण दाबत होती. जिच्यासाठी जीव टांगणीला लावला, तिलाच रोज दिवेलागणीला त्या नावापुढे नेऊन बसवत होती. कावळा कुणाच्या शब्दावर उतरला? आईच्या की बहिणीच्या? एक पाळायचा तर दुसरा मोडतो. आणि विचारायचं तरी कुणाला? सांगणारा त्या चौकटीच्या पलीकडे बसला होता.

ज्ञानू आत गेला आणि डबा उचलून घेऊन आला. "चला घरी," एवढंच म्हणाला.

यशराजचा म्हाळ आला. प्रेमलाने खीर, वडे, आळूची भाजी केली, आणि पान घेऊन एकटीच गच्चीवर गेली. काय बोलायचं ते तिने मनाशी पक्कं केलं होतं. माझा शब्द मी मोडते. तिचा राहू दे. धरायचंच असेल तर मला धर, लेकरा, तिला धरू नकोस. मग कावळा येईल किंवा येणार नाही; काय ते कळेल.

तिने पान कठड्यावर ठेवलं, दोन पावलं मागे आली, हात जोडले, तोंड उघडलं. तेवढ्यात एक कावळा झपकन आला, वडा उचलला आणि पाण्याच्या टाकीमागे गेलासुद्धा. पाठोपाठ आणखी दोन आले. बाजाराजवळचे कावळे ते, त्यांना कुणाच्या शब्दाची वाट बघायची सवय नाही. प्रेमला तशीच उभी राहिली. बोलायचं सगळं तोंडातच राहिलं. त्या दिवशी कोयनेवरचा तो कावळाही नुसता भुकेला होता की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं, आणि मग ती कठडा धरून खूप रडली. रडून झाल्यावर रिकाम्या पानापुढे तिने ते सगळं बोलून टाकलं. ऐकायला कुणी नव्हतं, तरी.

घट बसल्यावर ज्ञानूने नवा कॉम्प्युटर आणला. चपटा, काळा, आवाज म्हणून नाही. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली, आपट्याचं पान ठेवलं. जुना कोपऱ्यातच राहिला. हलवायचा नाही, एवढा अर्धा शब्द प्रेमलाने राखला. माळ त्यालाही घालावी का, यावर ती हातात माळ घेऊन बराच वेळ उभी होती. यशराजच्या फोटोला एक होतीच. हातातली तिने परत टोपलीत ठेवली.

दुपारी जेवणं झाली. नंदी नव्या कॉम्प्युटरवर कुठलंसं घर बांधत बसली होती. तेवढ्यात लाईट गेली. नव्याला त्याचं काही नव्हतं, तो आपल्या बॅटरीवर चालू राहिला. थोड्या वेळाने लाईट आली आणि कोपऱ्यातून घरघर सुरू झाली.

नंदीची बोटं थांबली. प्रेमला सवयीने उठली, बंद करायला धावली, आणि अर्ध्यात थबकली. दोन वर्षं ती धावत येऊन, तोंड फिरवून त्याला बंद करत होती. अंधाराला घाबरणारं पोरगं. लाईट आली की येत होतं, आणि आई त्याच्या तोंडावर दार लावत होती.

"आई," नंदीचा आवाज बारीक झाला होता, "मी बंद करू का?"

"तू हात लावू नगंस," प्रेमला म्हणाली. "तुझा शबूद हाय. त्याला मी बघते."

ती सांदीत शिरली आणि नंदी बसायची त्या स्टुलावर बसली. टेबल फिरवल्यापासून पहिल्यांदा तिने मान वर करून ते नाव वाचलं. त्याखालच्या रिकाम्या चौकटीत एक रेघ लुकलुकत होती, आतून कुणी पुन्हा पुन्हा विचारत असावं तशी.

"हाय रे," प्रेमला म्हणाली. "हितंच हाय."